निळं मीठ

पावण्याच्या एमआयडीसीत, गेटातून आत शिरताच
समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत:
पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कधीच नाही.
वर्तक सुपरवायझर म्हणाले, एवढं पाठ कर,
बाकीचं शास्त्र आपोआप येतं.
आलं तसंच,
शर्टाच्या बाह्यांना भोकं पडत पडत.

तांबं यायचं भंगारातून:
जळक्या मोटारींचं वाइंडिंग, बंबाचा चेपलेला तळ,
एकदा एक लोटा, त्यावर कोरलेलं
'चि. सौ. कां.' आणि पुढे नुसता पोचा.
तांबं हट्टी. गार ॲसिडात बसून राहतं
मानपान राहिलेल्या पाहुण्यासारखं.
ॲसिड तापवा, खालून हवा फुंका, दोन पाळ्या थांबा,
तेव्हा कुठं कबूल होतं.
लोखंडाचं तसं नाही. पडलं की फसफसलं,
पोटातलं सगळं बोलून हिरवट हिराकस होऊन मोकळं.
आणि शिसं?
अंगावर पांढरी साय धरतं,
सायीखाली जसंच्या तसं.
म्हणून टाक्यांना आतून शिशाचं अस्तर.
वर्तकही तिथं एकोणीस वर्षं टिकले.

रात्रपाळीत टाक्या निवायला सोडायच्या.
पहाटे पट्ट्यांवर मोरचूद धरलेला,
कडा इतक्या नेमक्या
की कुणी रात्रभर कानस घेऊन बसलं होतं वाटावं.

बाप मिठागरातला, घणसोलीच्या खाजणातला.
उधाणाचं पाणी कोंडीत घ्यायचा, उन्हावर सोडायचा.
मीठ 'करतात' म्हटलेलं त्याला खपायचं नाही.
पिकतं, म्हणायचा.
आगर गेलं, त्याच्या बदल्यात मला हे गेट मिळालं.

दसऱ्याला कारखाना घरच्यांना उघडा असे.
पंपाला कुंकू, व्हॉल्व्हना झेंडू,
पोशा मढवी नव्या धोतरात टाकीवर वाकला,
एक खडा उचलला
आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं जिभेकडे नेला.
मी त्याच्या हातावर मारलं.
खडा फरशीवर टणत्कारला. पंप थांबल्यासारखे वाटले.
विष आहे ते, मी म्हणालो.
"चाखाला नाय त कसला रं मीठ?"

मग मी त्याला सांगत बसलो.
ॲसिड आणि धातू, ॲसिड आणि चुना,
भांडण मिटल्यावर तळाला जे बसतं ते सगळं मीठच.
न्हाव्याची तुरटी मीठ.
इसाकच्या मनगटाला घातलेलं प्लास्टर, तेही.
परवा ड्रम फुटला, आम्ही चुना ओतला,
वाफ, चटका, धावाधाव,
आणि तासाभरात पांढरा गाळ,
बुटानं ढकलला तरी काही न म्हणणारा.
बाप ऐकत होता. खडा कोपऱ्यात पडलेला बघत होता.
"मंग या मिठाला जागाचा कसा?"

मला उत्तर आलं नाही.
पगार मात्र दर सात तारखेला आला,
त्यावर घर चाललं, त्याचं बायपासही झालं.

आता तिथं काचेची इमारत आहे, आत सर्व्हर.
दिवसरात्र गुणगुणते, वास कसलाच नाही.
माझ्याकडे लोणच्याच्या बरणीत एक ढेकूळ उरलंय,
कडांनी पांढरं पडत चाललेलं.
धाकटीनं दहावीच्या प्रयोगाला त्यातलं चिमूटभर घेतलं,
जुन्या पळीत धरून गॅसवर तापवलं.
निळं गेलं. राखेसारखी पूड.
"बिघडलं," ती म्हणाली.
मी बोट ओलं केलं, पळी निवू दिली,
एक थेंब सोडला.
निळं परत आलं,
पाणी गेलं होतं एवढंच, मोरचूद कुठे गेला नव्हता.

"मीठ आहे ते," मी म्हणालो.
"पुस्तकात क्षार लिहिलंय, बाबा.
आणि आधी हात धुवा."